तारेला ओवलेली पत्रं

ईदच्या आदल्या दिवसाला आमच्याकडे अरफा म्हणतात. शेवया, खोबरं, खारीक यांची धांदल चालू असते, पण त्याआधी ऊद-लोबान लावून घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं फातेहा होते. माझ्या लहानपणी दादी पाटावर बसून एकेक नाव सांगायची आणि अब्बा ते पुढं म्हणायचे. पणजोबा, पणजी, तापानं गेलेली एक आत्या, दादीचे आईवडील, तिचं न जगलेलं पहिलं मूल. नऊ नावं होती. आमचा वंशवृक्ष म्हणाल तर तेवढाच. खानदानी घराण्यांत शजरा लिहिलेला असतो, आमच्यासारख्या साध्या घरांत तो दादीच्या तोंडात असतो. कबरी कच्च्या, दोन पावसाळ्यांत जमिनीला मिळतात. त्यांच्यावर नावं नसतात.

दहा-अकरा वर्षांचा असताना मी एकदा मधेच विचारलं, "दादी, बडे दादांचं नाव राहिलं." माझ्या आजोबांचे थोरले भाऊ ते. घरात त्यांचा उल्लेख असायचा, पण आम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. दादीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झालो. मग म्हणाली, "उनका नाम नक्को ले. ये गुजरे हुओं का है. उनका खत आयेगा."

हे ती १९९९ मध्ये जाईपर्यंत म्हणत राहिली.

बडे दादांचं नाव फातेह्यात नव्हतं, पण सात-बाऱ्यावर होतं. आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. तिच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावाशेजारी त्यांचं नाव, आणि आजोबा गेल्यावर अब्बा-काकांच्या नावांशेजारी पुन्हा त्यांचंच. अब्बांना त्याचा फार त्रास झाला. कर्जाचा कागद करायला गेलं की सहहिस्सेदाराची सही मागत. सहहिस्सेदार कुठे आहेत? माहीत नाही. मयत आहेत का? सांगता येत नाही. अब्बा चिडून म्हणायचे, आमच्या बापानं वेळेत एक अर्ज दिला असता तर ही कटकट नसती. मलाही तसंच वाटे. खेड्यातल्या माणसाची कागदाबद्दलची बेफिकिरी, दुसरं काय!

तीन-चार वर्षांपूर्वी आम्ही जुन्या घराचं माळवद उतरवलं. भिंत पाडताना गिलाव्यानं बुजवलेली एक देवळी उघडी पडली. आत कुराणशरीफ ठेवायचं जुनं जुझदान होतं. कुराण नव्हतं. लोखंडी तारेला ओवलेली पत्रं होती, दुकानदार पावत्या ओवून ठेवतात तशी. एकूण ३१. दादीनंच ती तिथं ठेवली असणार.

तारेचा नियम असा की जुनं तळाशी, नवं वर. वरची बारा उर्दूत होती आणि खालची एकोणीस मोडीत. लिहिणारा एकच. १९३९ ते १९४८. मी महाविद्यालयात शिकवतो, उर्दू आणि मराठी दोन्हीत माझं शिक्षण झालं आहे, त्यामुळे घरच्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाच. उर्दू पत्रं अडखळत का होईना लागत होती. मोडीपुढं मात्र मी निरक्षर. माझ्या सख्ख्या आजोबांना मराठीत लिहिलेली पत्रं, आणि त्यातलं 'सलाम' एवढंही मला ओळखता येईना.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. नव्या पिढीला शेवगाव ही सरहद्द होती हे सांगून पटत नाही. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. अलीकडे मुंबई इलाखा, म्हणजे इंग्रजांचं राज्य. पलीकडे पैठण, म्हणजे निजामाची हैदराबाद रियासत. नाणं वेगळं: इकडे कलदार, तिकडे हाली, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. टपाल वेगळं: निजामाच्या एक आण्याच्या तिकिटावर चारमिनार. माल न्यायचा तर जकात, तिला तिकडे करोडगिरी म्हणत. आणि लिपी वेगळी. आमच्या बाजूला सरकारी कागद आणि रोजचं लिहिणं मोडीत, तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फारसीच्या जागी उर्दू.

म्हणजे झालं असं, की शेवगावच्या मुसलमानाच्या घरात मोडी कागद आणि पैठणच्या पाटलाच्या घरात उर्दू कागद. आज आपण लिपीकडं बघून धर्म ओळखतो. त्या काळी लिपीवरून फार तर नदीचा काठ ओळखता आला असता.

बडे दादा गावातल्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकले, मोडी वळणदार होती. १९३९ मध्ये नदी ओलांडून ते करोडगिरीच्या नाक्यावर कामाला लागले. आधी हरकाम्या, पुढं मोहर्रिर, म्हणजे कारकून.

मोडी वाचायला मला भेटले एक निवृत्त मास्तर. पूर्वी त्यांच्या घराण्याकडं कुलकर्णीपण होतं. शाळांतून मोडी गेली ती १९५०च्या आसपास, म्हणजे मास्तरही शाळेत ती शिकलेले नाहीत. घरातल्या कागदांसाठी हट्टानं शिकले. २०२३ च्या रमजानमध्ये, एप्रिलच्या उन्हात, मी रोज असरच्या नमाजनंतर त्यांच्या ओसरीवर जात असे. मोडी वाचणं म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही. मास्तर भिंगातून बघत, ओठ हलवत, आणि मधेच खुदकन हसत. "हे बघा, तुमचे बडे दादा म्हणतात, इकडच्या ज्वारीच्या भाकरीला आपल्या रानाची चव नाही. शेवगावचा अभिमान सरहद्द ओलांडूनही जात नाही!"

मगरीबला पाच मिनिटं उरली की मास्तर स्वतःच कागद मिटायचे. "उठा, अजान होईल." काकूंनी दिलेलं कैरीचं पन्हं डब्यात घेऊन मी घरी यायचो.

एक दिवस मास्तरांनी त्यांच्याच घरातला एक कागद पुढं केला. शेताच्या बांधाचा वाद. मजकूर त्यांना लागत होता, तारीख लागत नव्हती. ते वाचत होते, "छ ३ रमजान, सन सलास सबैन मया व अलफ." मी म्हणालो, मास्तर, हे तर अरबी आकडे आहेत. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे त्र्याहत्तर. हे शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. १७७२. आणि 'छ' म्हणजे चंद्र, चांद. रमजानचा तिसरा चांद. मोबाइलवर ताळा केला तर नोव्हेंबर १७७२ चा अखेरचा आठवडा निघाला. मास्तर एकदम सरसावून बसले. "म्हणजे थेऊरला माधवराव पेशवे गेले त्याला जेमतेम दहा दिवस!" १८ नोव्हेंबर १७७२. राज्य हादरलेलं होतं आणि इथं कुणीतरी बांधासाठी भांडत होतं.

पेशवाईतले कारकून तारीख अशी लिहीत हे इतिहासाच्या पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण जानवं घातलेल्या कुणा कुलकर्ण्यानं बोरूनं लिहिलेला 'रमजान' मी ओसरीवर, रमजानच्याच महिन्यात, रोजा धरून पाहिला. त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मास्तर मात्र एवढंच म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. माझा कागद निम्माच वाचून झाला होता."

जाता जाता एक गंमत. मोडी हा शब्द मोडण्यावरून आला असं सांगतात. उर्दू-फारसीत घाईनं लिहायच्या हस्ताक्षराला शिकस्ता म्हणतात, त्याचाही अर्थ मोडलेलं. तिकडचे कारकून नुक्ते गाळत, इकडचे वेलांट्या.

बडे दादांच्या मोडी पत्रांत काय होतं? मोठं काही नाही. पाच रुपये कलदार पाठवले, पोचल्याचं कळवावं. वडिलांचा दमा कसा आहे. काळी गाय व्यायली का. बोधेगावच्या यात्रेला येणार होतो, साहेबानं रजा दिली नाही. शेवटून दुसऱ्या मोडी पत्रात एक वाक्य आहे, ते मास्तरांनी दोनदा वाचलं: आता हात उर्दूला लागला आहे, मोडी लिहिताना अडखळतो, हसू नये. त्यानंतर एक पत्र मोडीत आणि मग सगळी उर्दूत. धाकट्या भावाला उर्दू येत नव्हती. तो पत्र घेऊन मशिदीत पेशइमामांकडं जायचा आणि ते वाचून दाखवायचे. नदीपलीकडं गेलेल्या माणसाची लिपीही नदीपलीकडं गेली.

तारेवरचं सर्वांत वरचं पत्र मी पहिल्यांदा काढलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. चतकोर कागद, बारीक घडी, तिकीट नाही. घाईत लिहिलेलं शिकस्ता, नुक्ते जवळजवळ नाहीतच. ईद आणि बकरीद एवढे शब्द लागले. मला वाटलं, सणाचा निरोप असेल. त्यातल्या दोन ओळी मात्र काही केल्या लागेनात.

त्या लागल्या दुसऱ्यांच्या कागदांमुळं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. पुढं तिचं काम राज्यभर वाढलं. जुनी दप्तरं उघडली गेली, मोडीच्या आणि उर्दू-फारसीच्या जाणकारांना एकदम मागणी आली. निजामकाळातल्या नोंदी पाहायला समिती हैदराबादलाही गेली. आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही. मी एवढंच पाहिलं, की ज्यांनी कधी आजोबांच्या आजोबांचं नाव विचारलं नव्हतं ती तरुण मुलं वंशावळ लिहू लागली. मुसलमानांतल्या ओबीसी घरांनाही हे नवं नाही. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद यांसाठी तेही तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. त्यात इकडची नोंद मोडीत.

त्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी नदीपलीकडून आला. मराठा शेतकऱ्याचा मुलगा. हातात निजामकाळच्या महसुली कागदाची झेरॉक्स. "सर, यात आमचं काय लिहिलंय?" बाजूला त्याचे वडील, टोपी हातात धरून. माझ्या वाचण्यावर त्यांचं काही तरी अवलंबून आहे या जाणिवेनं मलाच घाम फुटला. उर्दूत 'ण' नाही. कुणबी लिहायचं तर 'कुनबी', आणि त्यातल्या नून आणि बे या दोन अक्षरांचा फरक फक्त नुक्त्यांचा. कारकुनानं नुक्ते दिलेच नव्हते. तो शब्द कुनबी असू शकत होता, दुसराही काही असू शकत होता. मी म्हणालो, अशी एका कागदावर मी मान डोलावणार नाही, याच कारकुनाची आणखी पानं आणा. त्यांनी आणली. सातव्या पानावर त्याच हातानं तोच शब्द, या वेळी नुक्त्यांसह. वडिलांनी कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. पुढचं काम तहसीलचं.

मग एकामागून एक येऊ लागले. तीन-चार महिने मी बहुधा कॉलेजपेक्षा जास्त घरी शिकवत होतो. फसली सनात ५९० मिळवायचे. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी, वर्ष ऑक्टोबरात सुरू. खातं, पट्टा, शिकमी हे शब्द कारकून एका झटक्यात कसे लिहितो. या कागदांनी माझी नजर तयार केली. आणि एका रात्री, तरावीहनंतर, मी बडे दादांचं ते शेवटचं पत्र पुन्हा उघडलं.

तारीख होती शहरेवर १३५७ फसली. म्हणजे जुलै १९४८. त्या वर्षी रमजान जुलैतच होता. हैदराबादची आर्थिक नाकेबंदी चालू होती. तिकीट का नाही ते आता कळलं, पत्र माणसाच्या हाती आलेलं होतं. नदीला पाणी आहे, ईदला जमणार नाही, बकरीदला येतो, असं लिहिलं आहे. ती बकरीद ऑक्टोबरच्या मध्यात होती. आणि १३ सप्टेंबरला भारतीय फौजा रियासतीत शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाचा पाडाव झाला.

मराठवाडा तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि रझाकारांनी जे केलं ते पाहता मुक्तीच होती ती. त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांशी काही संबंध नसलेल्या अनेक मुसलमान घरांवर जे ओढवलं, तेही खरं आहे. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं होतं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. दोन्ही गोष्टी एकाच जिभेनं सांगता आल्या पाहिजेत, एवढं मला वर्गात शिकवताना नेहमी वाटतं. बडे दादा निजामाच्या नाक्यावरचे कारकून होते. पुढचा अंदाज वाचकांनी करावा, मला तो लिहवत नाही.

राहिल्या त्या दोन ओळी. एक शब्द मला अडवत होता. अलिफ, ते, अलिफ, रे, अलिफ. मी सगळे अर्थ लावून पाहिले होते. नजर उतरवताना ओवाळून टाकतात तो उतारा? त्यातून नाव काढा म्हणजे काय? मी उर्दू शब्द शोधत होतो आणि तो मराठी होता. शेताचा उतारा! बडे दादांनी लिहिलं होतं: दिवस ठीक नाहीत, उताऱ्यातून माझं नाव कमी करून घे, माझा हिस्सा तुझा, मी लिहून देतो आहे असं समज.

म्हणजे अब्बा ज्याला बापाची बेफिकिरी म्हणत होते ती बेफिकिरी नव्हती. पेशइमामांनी हे वाक्य आजोबांना वाचून दाखवलेलं असणार. भावानं स्वतः सोडून दिलेला दोन एकराचा हिस्सा, तलाठ्याकडं एक अर्ज केला की झालं असतं. आजोबा १९८७ पर्यंत जगले, दुष्काळ पाहिले, मुलींची लग्नं कर्जानं केली, आणि तो अर्ज केला नाही. दादी फातेह्यात नाव घेऊ देईना आणि आजोबा उताऱ्यावरून काढू देईनात. दोघं याबद्दल एकमेकांशी कधी बोलले असतील का, कोण जाणे.

दुसरी ओळ त्याहून अवघड निघाली. मुलगी झाली आहे, नाव ठेवलं आहे... आणि नेमकी तिथंच तार घुसलेली. नावाचं पहिलं अक्षर 'रे' दिसतं, शेवटचं 'हे'. मधलं छिद्रात गेलं. राबिया, रझिया, रुकय्या, रेहाना. दादीला ते नाव ठाऊक असणार. आम्ही कुणी विचारलं नाही.

माझा थोरला भाऊ व्यवहारी आहे आणि त्याचं चुकतं असं नाही. वकिलाचा सल्ला घेऊन आला. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मयत धरू शकतो, जुन्या पुरावा कायद्यातही होतं, नव्यातही आहे. नाव कमी करून घेऊ, विहिरीला कर्ज मिळेल. मी त्याला पत्र वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे वारस आहे." शरियतनं बापाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, हे आम्ही दोघंही दर जुम्याला ऐकत आलो आहोत. आता तो हिस्सा आमच्याच बांधाच्या आत निघाला.

मी नदीपलीकडं जाऊन आलो. ज्या काठावर तो नाका होता तो आता नाथसागराच्या पोटात आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, धरण १९७६ ला पुरं झालं, गाव उठून वर माळावर बसलं. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं, नाक्यावरचं एक मुसलमान कुटुंब त्या गडबडीत रात्री कुणाच्या तरी बैलगाडीतून निघून गेलं, असं त्याचे वडील सांगायचे. बाई होती, कडेवर मूल होतं. माणूस होता का? ते त्याला आठवेना. तेच कुटुंब कशावरून? तेही सांगता येत नाही.

ज्यांच्या घरात असे कागद असतील त्यांना मास्तरांचा एक निरोप आहे: लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, त्यानं कागद मरतो. फोटो काढा आणि कोरड्या सुती कापडात ठेवा. आपली लिपी नसली तर टाकू नका. मोडी असेल तर नगरच्या ऐतिहासिक वस्तू संग्रहालयात जाणकारांची चौकशी करा, उर्दू असेल तर कुठल्याही मदरशात, कॉलेजात विचारा, कुणीतरी बसून वाचून देईल. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच नावं विचारून घ्या.

आमच्या पत्रांची मी तार काढली. छिद्रं तशीच आहेत. पैठण, गेवराई, जालना भागात, किंवा आणखी कुठं, हे पान कुणी वाचत असेल आणि घरात ऐंशीला टेकलेली आजी असेल, जिचे वडील करोडगिरीच्या नाक्यावर होते आणि मूळ नगर जिल्ह्यातले, नदीच्या अलीकडचे होते, तर या दैनिकाच्या कार्यालयात कळवावं. तिचं नाव 'र'पासून सुरू होतं.

यंदाच्या अरफ्याला नावं सांगायला अम्मी बसेल. तिनं मला परवाच विचारलं, बडे दादांचं घ्यायचं का? त्यांचं वय आता शंभराच्या पुढं गेलं. मी हो म्हणालो. दहावं नाव त्यांचं. सात-बाऱ्याचा अर्ज भावानं भरून ठेवला होता, तो त्यानं आपणहून फाडला. उतारा आहे तसा आहे.